मृकंडूचा वर

नारळी पौर्णिमेला कोकणात कोळी समुद्राला नारळ वाहतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या सोलापुरात त्याच दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. शहराच्या पूर्व भागातला पद्मशाली समाज, म्हणजे तेलंगणातून येऊन इथे माग लावलेले विणकर, मार्कंडेयाला आपला मूळपुरुष मानतात. त्याची गोष्ट आपल्याला आठवते ती शेवटाकडून: यमाचा पाश, शिवलिंगाला घातलेली मिठी, सोळाव्या वर्षी टळलेला मृत्यू. सुरुवात मात्र घाईने उरकली जाते. मृकंडू ऋषींना मूल नव्हतं. शंकर प्रसन्न झाला तेव्हा त्याने निवड पुढे ठेवली: गुणी पण सोळाच वर्षं जगणारा मुलगा हवा, की दीर्घायुषी पण मंद बुद्धीचा? मृकंडूने पहिला मागितला. निवड बापाची, सोळा वर्षं मुलाची. पुराणात हे खपून जातं, कारण शेवटी शंकर धावून येतो. पण त्याआधी एक लहानशी गोष्ट घडते, आणि मला तीच मोलाची वाटते. सोळावं वर्ष जवळ आलं तसे आईबाप खंगू लागले, मुलाने कारण विचारलं, आणि त्यांनी ते सांगितलं. आपण मागितलेल्या वरात काय होतं ते लपवलं नाही. ‘तुझ्यासाठीच मागितलं’ असं म्हटल्याचंही कथेत कुठे नाही.

हा वर आजही मागितला जातो, फक्त देव बदलला आहे. १८७७ साली उभी राहिलेली आणि सोलापूरकरांच्या तोंडी ‘जुनी मिल’ असलेली गिरणी बंद पडली, तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. इथली शिकलेली पिढी आधी पुण्याला जाते आणि तिथून काही जण थेट विषुववृत्ताशेजारच्या सिंगापूरला, क्वचित मॉरिशसला. जाताना बरोबर तिसरी-चौथीतलं मूल असतं. पगार, हवा, शाळा, रस्ते यांची तुलना घरात महिनोन्‌महिने चालते. धर्माचा प्रश्न म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रश्न धर्माचाच आहे, धर्म म्हणजे सोवळंओवळं एवढंच धरलं नाही तर. एक माणूस आपल्या इच्छेसाठी दुसऱ्या माणसाचं जग उचलून दुसरीकडे ठेवतो, आणि त्या दुसऱ्याला नाही म्हणण्याची सोय नसते. हे न्याय्य कधी ठरतं? माझं म्हणणं असं की मुलाला नेण्याचा अधिकार आईबापांना आहे; तो निर्णय मुलाच्या नावावर मांडण्याचा अधिकार नाही. मूल नेलं की ऋणाची दिशा फिरते, आणि नेणारे ऋणको होतात.

आपल्या धर्मशास्त्रात समुद्रप्रवासावर पुष्कळ खल झाला आहे. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमनाला पतनाच्या कारणांत घातलं आणि त्यावर प्रायश्चित्त सांगितलं. पुढे ते कलिवर्ज्यांत जाऊन बसलं. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतलेल्यांच्या पंगतीवरून महाराष्ट्रात जे रण माजलं ते याच आधारावर. (योगायोग असा की भारतीय जहाजधंद्याचे अग्रणी वालचंद हिराचंद जन्मले ते याच कोरड्या सोलापुरात, १८८२ साली.) आज त्या वादातलं काहीही पाळण्याजोगं उरलेलं नाही. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे: तो सगळा वाद जाणाऱ्याच्या दोषाचा होता. नेलेल्याचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ कोणी विचारला नाही.

पहिला आक्षेप सरळ आहे, आणि त्याला वजन आहे. मुलाला विचारून आपण काय करतो? नाव विचारून ठेवत नाही, धर्म विचारून देत नाही, मातृभाषा तर विचारायच्या आतच देऊन झालेली असते. सोलापुरात राहणं हादेखील आईबापांचाच निर्णय. मग बेटावर जाण्याला वेगळा न्याय का? माझ्या मते फरक देण्यात आणि काढून घेण्यात आहे. तान्ह्या मुलाला आपण एक जग देतो. त्याच्या हातात आधी दुसरं नसतं. विशीतला मुलगा स्वतः निघतो. शाळकरी वय या दोहोंच्या मध्ये अडकलेलं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं स्वतःचं जग तयार झालेलं असतं: गल्लीतली टोळी, वर्गातला बाक, आजीच्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी, मराठीत बोलता बोलता सहज शिरणारे तेलुगू-कन्नड शब्द. ते सोडायचं की नाही हे ठरवण्याइतकी ताकद मात्र आलेली नसते. गमावण्याजोगं सगळं आहे आणि मत शून्य, असं हे वय. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेने बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क मान्य केला. भारत १९९२ साली तीत सामील झाला. ऐकून घेणं म्हणजे मुलाच्या हाती निर्णय देणं नव्हे, आणि तसा तो द्यावा असं मीही म्हणत नाही. नऊ वर्षांच्या मुलावर घराच्या भवितव्याचा भार टाकणं हा वेगळा अन्याय होईल.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. मुलं रुळतात, सहा महिने रडतात आणि दोन वर्षांनी परत चला म्हटलं तर तीच नाही म्हणतात. मोठेपणी विचारा, बहुतेक जण ‘बरं झालं नेलंत’ असंच म्हणतील. मग संमती मागाहून मिळाली असं का धरू नये? कारण ही संमती देणारा माणूसच त्या निर्णयाने घडवलेला असतो. फ्रान्समध्ये २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून दत्तक आलेली माणसं मोठेपणी तपासली, तेव्हा त्यांच्या मेंदूत कोरियन भाषेची ओळख म्हणून काही सापडलं नाही. ती त्यांना इतर परक्या भाषांसारखीच परकी होती. दत्तक मुलांची तऱ्हा टोकाची, कारण त्यांचे जुने धागे एकदम तुटले. आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचं तसं होत नाही. तरी दिशा कळते. सोलापुरात वाढला असता तो मुलगा साक्षीला यायला उरलेलाच नसतो. उरलेला जो म्हणतो ‘बरं झालं’, त्याचं म्हणणं खरं आहे, त्याचा आनंदही खरा आहे; पण त्यावरून आधीचा हिशेब मिटला असं म्हणणं म्हणजे एकाच पक्षाची साक्ष घेऊन निकाल देणं.

यावर मॉरिशसचं उदाहरण पुढे येणारच, आणि ते यावंच, कारण मराठी माणसाने पोराबाळांसह उष्ण कटिबंधातल्या बेटावर जाण्याचा एवढा लांब चाललेला प्रयोग दुसरा नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून हिंदुस्थानी मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसं आज आप्रवासी घाट म्हणून जपलेल्या त्याच किनाऱ्यावरून बेटावर गेली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली मराठी कुटुंबंही होती. आज त्यांच्या वंशजांच्या घरात बोलणं चालतं ते क्रिओलमध्ये. पण तिथल्या सरकारी शाळेत मुलाला मराठी हा विषय घेता येतो, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. म्हणजे निकाल चांगला लागला? हो, लागला. पण कसा लागला ते पाहावं. करारावर गेलेल्या त्या माणसांनी दिवसभर ऊस तोडून रात्री ‘बैठका’ चालवल्या, तिथे मुलांना अक्षरं शिकवली, देव बसवले, जाखडी नाचवली. तुम्हाला इथे आणलं ते आम्ही, तेव्हा तुमच्या हाती काहीतरी ठेवणं आमच्याकडे लागतं, अशीच ती वागणूक दिसते. फळ गोड आलं म्हणून ऋण नव्हतं, असा त्याचा अर्थ होत नाही. फेडलं गेलं म्हणून फळ गोड आलं, असा होतो.

आता सिंगापूर पाहा. तिथे जाणाऱ्या आजच्या मराठी माणसाकडे मॉरिशसच्या मजुराच्या मानाने सगळंच आहे. तरी तिथल्या सरकारी शाळेत मातृभाषा म्हणून भारतीय मुलाला तमिळ मिळते, किंवा हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू यांपैकी एक. मराठी या यादीत नाही. मराठी घरातलं मूल ‘मातृभाषा’ या तासाला बहुधा हिंदी शिकतं. सहावीअखेरच्या परीक्षेवर पुढची शाळा ठरते, तेव्हा गुण हिंदीत मिळवायचे असतात आणि मराठी सुट्टीच्या दिवशी उरल्या वेळात. यात सिंगापूरला दोष देण्याचं कारण नाही. त्या देशाने आपल्या सोयीने नियम केले. पण आईबाप हे सगळं आधी वाचू शकत होते, मूल वाचू शकत नव्हतं. त्याहून भारी उदाहरण कायम वास्तव्याच्या परवान्याचं. आईबापांमार्फत तो मिळालेल्या मुलग्याला तिथे वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा सक्तीची असते. अर्जावर सही करताना मुलगा कदाचित दुसरीत असेल. गणवेश चढवायची वेळ येते तेव्हा सही करणारे घरी चहा पीत बसलेले असतात. मृकंडूची आठवण होते ती इथे.

उलट्या बाजूचा आक्षेप घरातली वडीलधारी मंडळी घेतात: तिथे ना देव ना संस्कार, पोर हातचं जाईल, म्हणून नेऊच नका. हा मला पटत नाही, आणि सोलापूरकराला तर तो पटूच नये. सिद्धरामाची, म्हणजेच सिद्धेश्वराची, कथा सांगते की सोन्नलगीचा, म्हणजे जुन्या सोलापूरचा, हा पोर मल्लय्याच्या ओढीने आईबापांना न सांगता श्रीशैलाला निघाला, आणि देवाने त्याला तिथे ठेवून न घेता परत पाठवलं, तुझं गाव हेच नवं श्रीशैल कर म्हणून. बाराव्या शतकात त्याने इथे अडुसष्ट लिंगं स्थापली, तळं खोदलं. आजही ग्रामदैवताचं देऊळ त्या पाण्याच्या मधोमध आहे. क्षेत्र हलवता येतं, हे या शहराचं मूळ श्रद्धासूत्र आहे. मॉरिशसच्या लोकांनी डोंगरातल्या एका सरोवरात १९७२ साली गंगेचं पाणी ओतलं, त्याला गंगा तलाव म्हटलं, आणि महाशिवरात्रीला बेटभरचे लोक तिकडे पायी जातात. सिद्धेश्वराच्या भक्ताला यात वावगं वाटण्यासारखं काही नाही. जिल्ह्यातल्याच अरणच्या सावता माळ्याने तर पंढरी जवळ असूनही मळा सोडला नाही, असं परंपरा सांगते. तेव्हा देव बेटावर पोचतो. पोचत नाहीत ती माणसं: शेजारची मावशी, मारामारी करणारा आणि मग डबा वाटून खाणारा मित्र, थकत चाललेले आजोबा. देव्हारा नेला म्हणून या तुटीची भरपाई होत नाही, आणि मूल रडतं ते देवासाठी नसतंच.

ज्यांना निवडच नाही त्यांचं काय? हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर धरतो, आणि तो पाहायला समुद्रापार जावं लागत नाही. ऊसच मराठी माणसाला मॉरिशसला घेऊन गेला आणि आज तोच ऊस दरसाल दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या कुटुंबांना सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडावर आणतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि शाळेतलं पोरगं पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळत बसतं. त्या बापाला मृकंडू म्हणणं निर्दयपणाचं होईल. वर मागायला पर्याय दोन तरी लागतात. इथे ऋण संपत नाही, ऋणको बदलतो: ज्याच्या साखरेसाठी ते पोर शाळेतून उठलं तो कारखाना, ती उचलीची पद्धत आणि हंगामी वसतिगृहं कागदावर ठेवणारी व्यवस्था यांच्या अंगावर ते येतं. मॉरिशसच्या मळेवाल्यांवरही ते होतंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मजुरांचा परतीच्या फुकट प्रवासाचा हक्कही काढून घेतला गेला, तेव्हा ते आणखी वाढलं. पण जो विमानाने जातो आणि दोन नोकऱ्यांतून एक निवडतो त्याने या सक्तीमागे लपू नये.

सगळ्यात खोलवर रुजलेला आक्षेप अजून राहिला, आणि तो पंढरपूरचा आहे. आपल्याकडे ऋण म्हटलं की ते मुलाचं. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता म्हणून देवाला विटेवर उभं राहावं लागलं. विठ्ठल अजून उभा आहे तो एका मुलाच्या मातृपितृभक्तीची साक्ष म्हणून. अशा संस्कृतीत आईबाप मुलाचे ऋणी, ही भाषाच उद्धट वाटेल. पण पितृऋणाचा मूळ विचार काय आहे? तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतः तीन ऋणं घेऊन येतो, आणि पितरांचं ऋण फिटतं ते संततीने. याचा अर्थ मूल जन्मतं तेव्हाच ते आईबापांच्या एका जुन्या देण्याची फेड करत असतं. त्याने आपल्याला मोकळं केलेलं असतं, आणि हे त्याला विचारून झालेलं नसतं. पुंडलिकाची सेवा थोर आहे ती त्याने आपणहून केली म्हणून. आईबापांनी हक्काने वसूल केली असती तर देव थांबला असता का, याची मला शंका आहे. म्हणूनच ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं सगळं सोडून इथे आलो’ हे वाक्य मला धर्मदृष्ट्या सदोष वाटतं. त्यात अर्धं सत्य असतं, कारण मुलाच्या भविष्याचा विचार खरोखर झालेला असतो. उरलेलं अर्धं म्हणजे पदोन्नती, कर्जाचे हप्ते, सासरमाहेरच्या कटकटींतून सुटका, समुद्रकाठच्या निवांत आयुष्याची ओढ. या इच्छांत पाप काहीच नाही. त्या मुलाच्या खात्यावर लिहिल्या की मात्र त्याला न घेतलेलं कर्ज फेडत बसावं लागतं, आणि त्याला दुःख झालं तर ते बोलून दाखवायचीही चोरी होते.

कठोपनिषदातला नचिकेता हा असाच एक दूर धाडलेला मुलगा. बाप सर्वस्व दान करणारा यज्ञ करतो आहे आणि देतो आहे भाकड, थकलेल्या गाई. पोर विचारतं, मला कोणाला देणार? तीनदा विचारल्यावर बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. पुण्य बापाचं, प्रवास मुलाचा. आपण या उपनिषदाकडे आत्मज्ञानासाठी जातो, तिसऱ्या वरासाठी. पण यमाने तीन वर देऊ केले तेव्हा त्या मुलाने पहिल्यांदा काय मागितलं? माझ्या वडिलांचा राग शांत होवो, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून माझ्याशी बोलावं. ब्रह्मज्ञान नंतर, आधी परतण्याची वाट, आणि वाटेच्या टोकाला ओळखणारं माणूस. आपल्या परंपरेत लांब पाठवलेल्या मुलाची मागणी इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कुठे नोंदली असेल असं मला वाटत नाही. मुलगा बापाला दोष देत नाही, ज्ञानाची संधी मिळाली म्हणून आभारही मानत नाही.

परतीची वाट उघडी ठेवायची म्हणजे प्रत्यक्षात काय, असं विचारलं तर उत्तर फारसं उदात्त नाही. मराठी वाचता येण्याइतकी टिकवणं. दर सुट्टीत हॉटेलात न उतरता नात्यातल्या घरी महिनाभर राहणं. कायम वास्तव्याच्या अर्जावर सही करण्याआधी अठराव्या वर्षी काय होणार ते मुलाला कळेल अशा भाषेत सांगणं. भारतीय कायदा या बाबतीत आईबापांहून समंजस निघाला. नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या आठव्या कलमाप्रमाणे आईबापाने नागरिकत्व सोडलं की अज्ञान मुलाचंही जातं; पण सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते मूल घोषणा करून ते परत घेऊ शकतं. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयावर मुलाला एकदा तरी स्वतःचं मत देता यावं, हे तत्त्व त्यात आहे. ही तरतूद घरात मुलाला किती जण सांगतात कोण जाणे.

आणि मूल नाहीच म्हणालं तर? नेल्याबद्दल रागावलं, किंवा उलट, आईबाप म्हातारपणी सोलापूरला परतले आणि ते बेटावरच राहिलं तर? ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा आहे. अजीगर्ताने शंभर गाई घेऊन हा मधला मुलगा बळी देण्यासाठी विकला. ज्या वरुणासाठी बळी जायचा होता त्याची आणि इतर देवांची स्तुती करून मुलगा सुटला. नोकरीसाठी बेटावर जाणाऱ्या आईबापांशी अजीगर्ताची तुलना टोकाची आहे, मान्य. मला त्या कथेतला फक्त शेवटचा व्यवहार हवा आहे. मुलगा सुटल्यावर बाप येतो, पस्तावा झाला म्हणतो, परत ये म्हणतो, आणि मिळालेल्या सगळ्या गाई त्यालाच देऊ करतो. शुनःशेप गाई घेत नाही. तो विश्वामित्राचा मुलगा होतो, आणि तो ग्रंथ त्याला कुठेही कृतघ्न म्हणत नाही. फ्लॅट तुझ्याच नावावर केलाय, असं सांगून हे ऋण फिटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या गाई एकदा मोजाव्यात.